परक्यासाठी दार उघडणारे फादर थॉमस स्टीफन्स



मिस्सा संपली की मी मंदिराच्या दाराशी येऊन उभा राहतो, हे आपण जाणताच. गेल्या पावसाळ्यात एक तरुण सलग तीन रविवार सर्वांत मागच्या बाकावर येऊन बसत होता. आपली मराठी गीते त्याला येत नव्हती, पण कुठे उभे राहायचे, कुठे गुडघे टेकायचे, हे त्याला ठाऊक होते. म्हणजे तो आपल्याच घरचा होता, फक्त गाव वेगळे. तिसऱ्या रविवारी त्याच्याशी बोलायचे असे मी ठरवले होते. तेवढ्यात सणाच्या वर्गणीचा हिशेब घेऊन दोघे जण पुढे आले आणि मी त्यांच्याशी बोलत राहिलो. मान वर केली तेव्हा तो फाटकाबाहेर गेला होता. चौथ्या रविवारी तो आला नाही. त्याचे नाव मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून एका जुन्या धर्मगुरूंची मला वारंवार आठवण येते. चारशे वर्षांपूर्वीचे हे धर्मगुरू स्वतःच परदेशातून आलेले पाहुणे होते, आणि इथल्या माणसांना ख्रिस्तमंदिर आपले वाटावे म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. ते म्हणजे ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते, येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. शाळेच्या पुस्तकात मराठीची थोरवी गाणारा परदेशी कवी म्हणून त्यांचा उल्लेख येतो आणि तेवढ्यावर आपण थांबतो. आज मला त्यांची ओळख कवी म्हणून नव्हे, तर आलेल्या माणसाचे स्वागत करणारा धर्मगुरू म्हणून करून द्यायची आहे.

लपूनछपून जगलेले दिवस

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. वडील लंडनचे व्यापारी. घरची स्थिती चांगली होती, मुलगा हुशार होता. पण काळ कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक उपासनेवर बंदी होती. मिस्सा व्हायची ती कुणाच्या तरी घरी, दारे-खिडक्या लावून. मंदिराची घंटा नाही, गायन नाही. कुणीतरी धोका पत्करून आपले मागचे दार उघडायचे, तेव्हा कुठे भाविकांना प्रभुभोजन मिळायचे.

तरुण स्टीफन्स यांना थॉमस पाउंड नावाचा श्रीमंत मित्र भेटला. दोघांनाही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचा होता. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स पाउंडचे नोकर बनून वावरत. दोघांनी मिळून देश सोडण्याचा बेत केला, पण त्याआधीच पाउंड पकडले गेले. आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्यांनी वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. तुरुंगातल्या मित्राला मात्र ते विसरले नाहीत. पाउंड यांच्यासाठी त्यांनी वरिष्ठांकडे शब्द टाकला आणि पाउंड यांना कोठडीत असतानाच येशूसंघात घेण्यात आले.

पुढे इंग्लंडमध्ये कायदे आणखी कडक झाले. १५८५ नंतर धर्मगुरूला घरात आसरा देणे हा मृत्युदंडाचा गुन्हा ठरला. यॉर्क शहरातील मार्गारेट क्लिथरो या तीन मुलांच्या आईवर हाच आरोप होता. १५८६ साली तिला अंगावर वजने ठेवून ठार करण्यात आले. १९७० साली ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले. आपण पाहुण्याला बाकावर थोडे सरकून जागा देतो तेव्हा आपले काही जात नाही. ज्या काळात पाहुण्याला आत घेण्याची किंमत प्राणांनी मोजावी लागे, त्या काळातून स्टीफन्स आले होते. बंद दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, आणि कुणीतरी दार उघडणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले. प्रवास साडेसहा महिन्यांहून अधिक चालला. वाऱ्याने वाट चुकवली. ताजे अन्न नाही, पाणी खराब झालेले, त्यामुळे जहाजावर रोग पसरला. हिरड्या सुजल्या, पाय सुजले. दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि त्यांतली सत्तावीस दगावली. २४ ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे.

गोव्यात उतरल्यावर सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. पुढे हे पत्र इंग्लंडमध्ये छापले गेले आणि हिंदुस्थानच्या वाटेविषयी तिकडे कुतूहल वाढले. या पत्रात समुद्र आहे, मासे आहेत, पक्षी आहेत, वारे आहेत. पण मला त्यातली एक छोटी गोष्ट महत्त्वाची वाटते. गोव्याला पोहोचलेल्या प्रवाशांचे अतिशय प्रेमाने स्वागत झाले, हे मुलाने बापाला आवर्जून कळवले आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला आलेल्या, थकलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मिळालेली माया तो कधी विसरत नाही. आपणही कधीतरी नवख्या गावी गेलो असू. पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या कुणी पुढे केला, ते आजही आठवते.

१५८० साली गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांना गोव्याच्या दक्षिण भागातील साष्टी प्रांतात पाठवण्यात आले. तिथे ते जवळजवळ चाळीस वर्षे राहिले. मायदेशी पुन्हा कधी गेले नाहीत.

दारे मोडणारा काळ

इथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ही कथा अर्धीच राहील. साष्टीत ख्रिस्ती श्रद्धा आली ती एकट्या शुभवर्तमानासोबत आली नाही, पोर्तुगीज सत्तेसोबत आली. १५६० नंतरच्या दशकात तिथली हिंदू देवळे पाडली गेली. पुढे कुंकळ्ळी परिसरात लष्करी मोहीम झाली, तेव्हाही देवळे उद्ध्वस्त झाली. लोकांच्या मनात राग साचला होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गेलेल्या फादर रुदोल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्यासोबतच्या काही ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यानंतर सत्ताधाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावले आणि मारून टाकले. ख्रिस्तसभा आपल्या पाच हुतात्म्यांचे स्मरण करते. कुंकळ्ळीचे लोक आपल्या गावकऱ्यांचे स्मरण करतात. दोन्ही आठवणींपुढे आपण नम्र व्हावे.

फादर स्टीफन्स त्याच प्रांतात काम करत होते आणि मारले गेलेले त्यांचेच बंधू होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपला भाऊ रिचर्ड याला पत्र लिहून ही हकीकत कळवली. एवढे दुःख पाहिलेल्या माणसाने स्थानिक लोकांविषयी कडवट लिहिले असते तर कुणी नवल केले नसते. पण त्याच पत्रात त्यांनी इथल्या भाषांचेही कौतुक केले आहे. या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकशी जुळते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. या भाषांचे युरोपातल्या भाषांशी असलेले नाते विद्वानांनी मांडण्याआधी सुमारे दोनशे वर्षे हे निरीक्षण केले गेले.

सत्तेविरुद्ध त्यांनी आवाज उठवला असे मी म्हणणार नाही. ते त्यांच्या काळाचे आणि त्या व्यवस्थेतले धर्मगुरू होते. पण काय हाती घ्यायचे, हे त्यांनी निवडले. त्यांनी इथली भाषा शिकायला घेतली. दार मोडून आत शिरलेल्याला घरातली माणसे भेटत नाहीत. ज्याला त्यांना भेटायचे असते त्याला आधी त्यांची बोली शिकावी लागते.

तुरुंगातले चार इंग्रज

१५८३ च्या अखेरीस गोव्याच्या तुरुंगात चार इंग्रज आणले गेले. जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. व्यापारासाठी निघालेल्या या मंडळींना पोर्तुगिजांनी होर्मुझ येथे हेर समजून पकडले होते. ओळखीचे कुणी नाही, भाषा येत नाही, आणि पोर्तुगिजांच्या दृष्टीने ते शत्रू तर होतेच, शिवाय पाखंडीही होते.

फादर स्टीफन्स यांच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. ज्या राज्यामुळे त्यांना नोकराच्या वेशात लपावे लागले, ज्या राज्याने त्यांच्या मित्राला कोठडीत डांबले, ज्या राज्याने १ डिसेंबर १५८१ रोजी येशूसंघीय एडमंड कॅम्पियन यांना हालहाल करून मारले, त्या राज्याचे हे प्रजाजन होते. त्यांच्याकडे पाठ फिरवायला कारण शोधण्याची गरजही नव्हती. तरीही फादर स्टीफन्स त्यांच्यासाठी धावले. एका फ्लेमिश येशूसंघीयाच्या साथीने त्यांनी खटपट केली, वजन खर्च केले, आणि नाताळच्या सुमारास चौघेही जामिनावर सुटले. सरमहागुरूंच्या पदरी असलेल्या लिन्सखोतेन या डच तरुणानेही त्यांना मदत केली. चित्रकार स्टोरीला तर येशूसंघीयांनी आपल्या मंदिरात चित्रे काढण्याचे काम दिले. ज्याच्या हाती कुंचला होता त्याच्या हाताला त्यांनी काम दिले. स्वागताचा हा फार शहाणा प्रकार आहे.

पुढे काय झाले? आपल्याला पोर्तुगालला पाठवतील, छळ करतील, अशी भीती वाटून एप्रिल १५८४ मध्ये न्यूबेरी, फिच आणि लीड्स पळून गेले. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असे करत ते थेट अकबर बादशहाच्या मुलखात पोहोचले. लीड्स बादशहाच्या नोकरीत राहिला. न्यूबेरी परतीच्या वाटेवर वारला. फिच १५९१ साली लंडनला पोहोचला आणि त्याच्या अनुभवाचा उपयोग पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांना झाला. यांपैकी कुणीही कॅथलिक होऊन फादर स्टीफन्स यांच्या मंदिरात बसला नाही. चित्रकार स्टोरीनेही काही काळाने येशूसंघीयांचा आश्रय सोडून लग्न केले आणि संसार थाटला.

व्यवहाराच्या वहीत हा सगळा तोटाच दिसेल. एवढी धावपळ केली आणि माणसे निघून गेली. पण इथे मला सेमिनरीत शिकलेला तत्त्वज्ञानाचा एक धडा आठवतो. माणूस हे कधीही नुसते साधन नसते, तो स्वतःच साध्य असतो. आपल्या धर्मग्रामाची संख्या वाढावी, वर्गणी वाढावी, गायनमंडळाला एक आवाज मिळावा, म्हणून आपण नव्या माणसाकडे हसून पाहत असू तर ते स्वागत नव्हे, ती भरती आहे. नव्या माणसाला हा फरक फार लवकर कळतो. प्रभू येशूने परक्याला घरात घेण्याविषयी सांगितले तेव्हा तो परका पुढच्या रविवारी परत येईल का, अशी अट घातली नव्हती. आणि नवल असे की, जिथे अशी अट नसते तिथेच माणसाला परत यावेसे वाटते.

ही एकच घटना असती तर योगायोग म्हणता आला असता. पण पंचवीस वर्षांनी पुन्हा तेच घडले. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी जहाज बुडाल्यामुळे मालदीवमध्ये अडकला, हालअपेष्टा सोसत गोव्याला आला आणि कैदेत पडला. त्याच्या सुटकेसाठी ज्या येशूसंघीयांनी प्रयत्न केले त्यांत साष्टीतले वृद्ध इंग्रज फादर स्टीफन्सही होते. मायदेशी परतल्यावर पिरारने प्रवासवर्णन लिहिले आणि त्यात त्यांचे नाव कृतज्ञतेने नोंदवले.

एका नवख्याचा प्रश्न

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. साष्टीतल्या मंदिरात फादर धर्मशिक्षण देत होते. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण तिथे होता. त्याने उठून एक प्रश्न विचारला. आपण शिकवता ते चांगले आहे, पण आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असा त्या प्रश्नाचा आशय होता. ही हकीकत फादर स्टीफन्स यांनी स्वतःच ख्रिस्तपुराणाच्या आरंभी ओव्यांत सांगितली आहे.

या प्रश्नातली कळ समजून घ्या. तो माणूस मंदिरात आला होता. बाप्तिस्मा झाला होता, नाव बदलले होते, प्रार्थना पाठ झाल्या होत्या. पण संध्याकाळी पोथी ऐकायची, चार माणसांनी एकत्र बसायचे, ओवीच्या लयीत देवाची कथा मनात मुरू द्यायची, हे सारे त्याच्या आयुष्यातून गेले होते. आत आल्यावर त्याला काय मिळाले, हे सगळे मोजत होते. आत येताना त्याने काय गमावले, हे कुणी विचारले नव्हते. म्हणून ते त्यालाच उठून सांगावे लागले.

धर्मगुरूला हा प्रश्न उद्धटपणाचा वाटू शकला असता. नव्या माणसाने आल्याआल्या तक्रार करावी, हे आपल्यालाही फारसे रुचत नाही. आमच्याकडे असेच चालते, असे सांगून आपण त्याला बसवतो. फादर स्टीफन्स यांनी त्याला बसवले नाही. त्यांनी तो प्रश्न मनात ठेवला आणि उत्तर द्यायला कित्येक वर्षे घेतली. ते उत्तर म्हणजे १६१६ साली रायतूरच्या, म्हणजेच राशोलच्या येशूसंघीय विद्यालयात छापलेले ख्रिस्तपुराण. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. एकूण ९५ अवस्वर आणि १०,९६२ ओव्या.

ज्या ओवीत ज्ञानेश्वर माउलींनी गीतेचा अर्थ सांगितला, ज्या ओवीत त्यांच्याच काळातले पैठणचे संत एकनाथ लिहीत होते, त्याच ओवीत हा इंग्रज धर्मगुरू बेथलेहेमची कथा सांगू लागला. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मराठी भाषेची थोरवी गाताना तो थकत नाही. ग्रंथ देवनागरी अक्षरांत छापावा अशी त्यांची इच्छा होती. या लिपीसाठी शेकडो वेगवेगळे ठसे लागतात, ती संख्या कशी कमी करता येईल, याचाही विचार करून त्यांनी १६०८ साली येशूसंघाच्या प्रमुखांना रोमला पत्र लिहिले होते. ते काही जमले नाही आणि पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. पण ऐकणाऱ्याला अक्षर कुठे दिसते? त्याला आपली भाषा ऐकू येत होती.

साष्टीतल्या मंदिरांत रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सा झाल्यावर हे पुराण वाचले जाऊ लागले. लोक मिस्सा संपल्यावर लगेच घरी जात नव्हते, थांबत होते. १६४९ आणि १६५४ साली पुराण पुन्हा छापावे लागले. बोलीभाषेत शिकणाऱ्यांसाठी त्यांनी कोकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले, ते त्यांच्या निधनानंतर १६२२ साली छापले गेले. आपल्यामागून येणाऱ्या धर्मगुरूंनाही लोकांशी बोलता यावे म्हणून कोकणीचे व्याकरण लिहिले, ते १६४० साली प्रसिद्ध झाले. १६१९ साली, वयाच्या सत्तरीत, गोव्याच्या भूमीतच त्यांचे निधन झाले.

ख्रिस्तपुराणात इतर देवांविषयी काही कठोर ओव्याही आहेत, हे मी लपवणार नाही. त्या काळाची ती मर्यादा होती. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांचा आदर करायला आपल्याला शिकवले. आज फादर स्टीफन्स असते तर त्यांनी त्या ओव्या वेगळ्या लिहिल्या असत्या, असे मला वाटते, कारण ऐकून घेण्याची सवय त्यांना होती.

भाषा गेली तर माणूस जातो

या कथेचा उत्तरार्ध दुःखद आहे. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात स्थानिक भाषेचा वापर बंद करून तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. ज्या भाषेने माणसे मंदिरात रमली होती तीच भाषा दाराबाहेर काढली गेली. पुराणाच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

पण ज्यांना एकदा मंदिर आपले वाटले होते ते लोक पुराण विसरले नाहीत. त्यांनी हाताने नकला केल्या. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते सोबत नेले आणि पिढ्यानपिढ्या गायले. त्याच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला जे. एल. साल्डान्हा यांनी ते पुन्हा छापले. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले ते आपल्या पुण्यातून. फादर स्टीफन्स यांची देवनागरीची इच्छा साडेतीन शतकांनी पुण्यात पूर्ण झाली. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासनेला वाट करून दिली. आज आपण मराठीत मिस्सा करतो तेव्हा त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आपणच उपभोगत असतो.

आपल्या मागच्या बाकाकडे

आता आपल्याकडे पाहू. मुळशी तालुका बदलतो आहे. पिरंगुटच्या कारखान्यांत झारखंड, ओडिशाकडून मुले कामाला येतात. हिंजवडीच्या कंपन्यांत दक्षिणेकडची कुटुंबे येतात. शिक्षणासाठी विद्यार्थी येतात. नगरकडून आलेल्या आपल्यातल्या अनेकांच्या घरीही वडील किंवा आजोबा असेच एक ट्रंक घेऊन आले होते. उखडले जाणे म्हणजे काय, हे या मातीलाही ठाऊक आहे. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथले मावळे धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, तरी गावे पाण्याखाली गेलीच आणि माणसांना दुसरीकडे चूल मांडावी लागली.

मग मराठी न येणारा एखादा मुलगा मागच्या बाकावर बसला, तर आपण काय करतो? खरे सांगायचे तर आपण वाईट वागत नाही. आपण काहीच करत नाही. मिस्सा संपली की आपले आपण ओळखीच्यांत घोळका करून बोलतो. घोळक्याची पाठ बाहेरच्याला भिंतीसारखी दिसते, हे आपल्याला कळतही नाही. तीन रविवार त्या तरुणाला ती भिंतच दिसली असेल, आणि त्या भिंतीतली पहिली वीट मी होतो.

फादर स्टीफन्स यांच्या चरित्रातून मी स्वतःसाठी तीन गोष्टी घेतल्या आहेत, त्या आपल्यापुढे ठेवतो. पहिली, मिस्सा संपल्यावरची पहिली दहा मिनिटे नव्या माणसाची. हिशेब, वर्गणी, सभा, सारे त्यानंतर. माझ्याकडे कुणी त्याआधी हिशेब आणला तर मी हसून परत पाठवीन, राग मानू नये. दुसरी, नुसते कुठून आलात एवढे विचारून थांबायचे नाही. आपल्या गावच्या मंदिरातले काय आठवते, कोणते गीत गायचात, कोणत्या संताचा सण करायचात, हेही विचारायचे. त्या ब्राह्मणासारखे त्यांनीही काहीतरी मागे सोडलेले असते. महिन्यातून एका रविवारी एक गीत त्यांच्या भाषेत म्हणावे, असे गायनमंडळाला मी सुचवणार आहे. आपल्याला शब्द येणार नाहीत, पण पाच मिनिटे आपण पाहुणे झालो तर काही बिघडत नाही. तिसरी, येणाऱ्याच्या हाताला काम द्यायचे. त्या चित्रकाराला जसा कुंचला दिला, तसे कुणाला वाचन, कुणाला फुलांची सजावट, कुणाला चटया घालणे. ज्याने मंदिरात एकदा झाडू मारला त्याला ते मंदिर परके राहत नाही.

आणि इतके करूनही काही जण येणार नाहीत. नोकरी बदलेल, गाव बदलेल, न्यूबेरी आणि फिचसारखे ते आपल्या वाटेने निघून जातील. जाऊ द्या. त्यांच्या आठवणीत मुळशीतले एक मंदिर राहील, जिथे कुणीतरी त्यांचे नाव विचारले होते.

तो तरुण आपल्यापैकी कुणाला कामावर, बसमध्ये, बाजारात भेटला, तर त्याला माझा निरोप सांगा. फादरांना तुझे नाव विचारायचे राहून गेले आहे, म्हणावे. पुढच्या रविवारी मी दाराशीच उभा असेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू